जादा जागा मिळते, फुकट काही मिळत नाही

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक फॉरवर्ड फिरतोय. ग्रँड नॅशनलसारख्या घोड्यांच्या मोठ्या शर्यतींना बुकी ईच वे पैजेवर (घोडा पहिला येण्यावर आणि पहिल्या काहींत येण्यावर, अशी दुहेरी पैज) जादा जागा देतात, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त क्रमांकांना पैसे. घोडा सहावा आला तरी पैसे, एक्स्चेंजवर (जिथे लोक आपसांत पैजा लावतात आणि घोड्याविरुद्धही लावता येते) उलटी पैज लावली की नफा पक्का, वर टॅक्स नाही. तिकडे मास्टर्स करणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, फीचे पैसे महिनाभर यात फिरवू का?” डोकं फिरलं.

फॉरवर्ड म्हणतो, ‘एकाच पैशात दोन संधी.’ कसला एकाच? ईच वे म्हणजे एक विनची (पहिला येण्याची) पैज आणि एक प्लेसची (ठरलेल्या जागांत येण्याची). दहा पौंड ईच वे म्हटलं की खिशातून वीस जातात.

‘घोडा जागेत आला की फायदाच.’ सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हॅन्डिकॅपला (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात ती शर्यत) प्लेसचा रूढ हिशोब असा: पहिल्या चार जागा आणि विनच्या भावाचा एक चतुर्थांश. सहा जागा देताना तोच चतुर्थांश बऱ्याचदा गुपचूप पंचमांश होतो. मग ४/१ चा (पौंडामागे चार पौंड नफा) घोडा तिसरा आला, तर दहा पौंड ईच वेवर पूर्वी वीसचे वीस परत मिळाले असते, आता अठरा. घोडा लागला आणि दोन पौंड गेले! १६/१ च्या घोड्यावर पन्नासऐवजी बेचाळीस. भाव आणि हिस्सा दोन्ही तेच ठेवून कुणी खरोखर एक जागा वाढवली, तर ती पैज आधीच्यापेक्षा बरी, एवढं मान्य. पण ते ताडून बघायला सांगणारी ओळ फॉरवर्डमध्ये नाही.

आता तो ‘पक्का नफा’. बुकीकडे ईच वे लावायची आणि एक्स्चेंजवर त्याच घोड्याविरुद्ध विन आणि प्लेस दोन्ही लावायची. एक्स्चेंजवर प्लेस चारच जागांची असेल, तर घोडा पाचवा किंवा सहावा आला की दोन्हीकडून पैसे. इथवर बरोबर. पण तो पहिला आला, तिसरा आला, अकरावा आला किंवा कुंपणावर पडला, तर दोन्हीकडच्या भावांतला फरक आणि कमिशन मिळून थोडं थोडं खिशातूनच जातं. म्हणजे तुम्ही पैज लावताय ती अमुक घोडा नेमका पाचवा-सहावा येण्यावर. याला पक्का म्हणतात? शिवाय बुकीकडे १६/१ ला लावलेले ते दहा पौंड झाकायला एक्स्चेंजवर नुसत्या विनपोटी दीडशेच्या वर पौंड अडकून पडतात, कारण घोडा जिंकला तर ते तुम्हीच द्यायचे. फीचे पैसे तिथेच जायचे! आणि रोज हेच करणारा गिऱ्हाईक बुकीला लगेच कळतो. मग तुमची पैज चिल्लरवर आणून ठेवतात.

टॅक्सचं खरं आहे. ब्रिटनमध्ये पैज लावणाऱ्यावरचा कर २००१ मध्येच गेला. पण तेवढ्याने काही हरलेले पैसे परत येत नाहीत.

आणखी एक. सकाळी सोळा घोडे असतात, दुपारी एक गळतो. पंधरा झाले की रूढ नियमाने चारच्या तीन जागा होतात. जादा जागा तेव्हा टिकते की नाही, ते त्या त्या ऑफरच्या अटींत लिहिलेलं असतं, आणि ते वाचल्याशिवाय भाच्याने एक पेनीही लावायची नाही, असं मी त्याला कळवलंय. फीचे पैसे तर मुळीच नाही.