आमचे आबा सोनं लुटायला धावले नव्हते

काल रात्री साडेदहाला आईचा फोन. "आपले आबा तसे नव्हते ना रे?" आबा म्हणजे तिचे वडील, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतले हमाल. भजनी मंडळाच्या ग्रुपवर तिला 'गोदी स्फोटाचं दडवलेलं सत्य' आलं होतं: फोर्ट स्टिकीन ही सैनिकांनी भरलेली बोट, ती जपानी पाणबुडीने उडवली, आणि सोन्याच्या लोभापायी कामगारांनी आग विझू दिली नाही. ऐंशी वर्षांच्या बाईची झोप उडवली या लोकांनी!

सैनिकांनी भरलेली वगैरे काही नाही. 1942 साली कॅनडात प्रिन्स रुपर्टला बांधलेली ती मालवाहू बोट. पाणबुडी तर अशक्यच. 14 एप्रिल 1944 ला बोट पेटली तेव्हा दोन दिवस धक्क्याला लागलेली होती, तीही दरवाजे असलेल्या बंदिस्त गोदीत. तिथे टॉर्पेडो शिरणार कुठून? जपानचं नाव उगाच आलं नाही, एवढं मान्य. इंग्रज सरकारने बातमी दाबून धरली आणि जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने ती जगाला सांगितली.

आता कामगार. बोटीत सुमारे 1,400 टन स्फोटकं होती. त्यांच्या सोबतीला कराचीत कापसाच्या 8,700 गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक चढवलं. दारूगोळ्याजवळ कापूस रचायचं हमालाने ठरवलं का? धोक्याचा लाल बावटासुद्धा बोटीवर नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंबवाले दोन तास पाणी ओतत राहिले, तब्बल 900 टन, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. बोटीभोवतीचं पाणी उकळायला लागलं होतं. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. आग विझू न देणारे कोण होते मग?

सोनं होतं, 31 पेट्यांत 124 विटा. पण त्या बाहेर आल्या त्या स्फोटाने. एक तर लांबवर एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली, आणि त्यांनी ती परत केली. आग आधी, सोनं नंतर. एवढा साधा क्रम लिहिणाऱ्याला कळू नये?

चौकशी आयोगाने घातपात नाकारला. कुणाच्या तरी विडी-सिगारेटची ठिणगी पडली असावी, असं मात्र म्हटलं. ठीक आहे, ते नाकारत नाही. पण चुकून पडलेली ठिणगी आणि लोभाने लावलेली आग या दोन गोष्टी एक नाहीत.

पुढे सात महिने आठ हजार माणसं पाच लाख टन ढिगारा उपसत होती. आबा त्यांच्यात होते. त्यांचा डावा कान गेला तो कायमचा. आई लहानपणापासून त्यांच्या उजव्या हाताला बसूनच बोलायची.

हे सगळं तिला फोनवर सांगितलं. म्हणाली, "मोठ्या अक्षरात लिहून पाठव, मंडळात टाकते."