लोक ऐकत नाहीत, असं म्हणण्याआधी

"आपल्या लोकांना शिस्त नाही, दंडुक्याशिवाय ऐकत नाहीत." कोविडच्या काळात हे वाक्य टीव्हीवर ऐकलं, तहसील कचेरीत ऐकलं, घरच्या जेवणाच्या ताटावरही ऐकलं. आता साथ ओसरून वर्षं झाली तरी कुठे नव्या तापाची बातमी आली की तेच वाक्य पुन्हा फिरू लागतं. मला ते मान्य नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. त्या दोन वर्षांत चेकपोस्टवर बसले, शाळेच्या वर्गात क्वारंटाईन केलेल्या माणसांची यादी सांभाळली, आशाताईंबरोबर घरोघरी सर्व्हेला गेले. जे पाहिलं त्यावरून हे लिहितेय. लांब झालंय, पण सवड काढून वाचा.

आधी लोकांनी काय काय ऐकलं ते आठवा. १४ एप्रिल २०२० ला आंबेडकर जयंती होती. मिरवणूक नाही, डीजे नाही, दारात निळा झेंडा आणि घरातल्या फोटोला हार. लाखो घरांनी हे केलं, आणि कोणाला काठी दाखवावी लागली नाही. त्या वर्षी आषाढी १ जुलैला आली. शेकडो वर्षांची पायी वारी थांबली आणि माऊलींच्या, तुकोबांच्या पादुका एसटीत बसून पंढरीला गेल्या. ज्या माणसाचं वर्षाचं कॅलेंडरच वारीवर चालतं, त्याने घरात बसून हरिपाठ म्हटला. गणपतीत सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची, असं ठरलं. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच बसवली नाही, त्याऐवजी आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका म्हटल्यावर लोक आले नाहीत, घरून अभिवादन केलं. ईदची नमाज घरात झाली.

याला शिस्त नाही तर काय म्हणायचं?

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. निरोप आपल्याच माणसांकडून आला होता. वारीचं संस्थान आणि दिंडीप्रमुखांशी बोलून ठरलं, गणपतीचं मंडळांच्या समन्वय समितीशी. शिवाय माणसाच्या मनातला गाभा शाबूत ठेवला होता. पायी वारी नाही, पण पादुका पोचल्या. उंच मूर्ती नाही, पण गणपती बसला. सगळंच काढून घेतलं नाही, म्हणून लोकांनी बाकीचं सोडलं.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सर्व्हे आला. आम्ही ऑक्सिमीटर आणि ताप बघायची गन घेऊन वाडीवाडीत फिरायचो. एका घरात पडवीत बसलेल्या आजी म्हणाल्या, "ताप बीप कोणाक नाय हो बाई." आतून खोकल्याचा आवाज येत होता. आशाताई गावातलीच. ती काही बोलली नाही, नुसती उंबऱ्यावर टेकली. थोड्या वेळाने सून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "बाई, नाव नका लिहू. बापूंस नेतील ते परत येवचे नाय." सासरे आतल्या खोलीत गोधडीखाली होते. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा बघून आशाताईचा चेहराच उतरला.

हे घर अडाणी नव्हतं. मुलगा मुंबईत बँकेत. त्यांनी लपवलं त्याला कारण होतं. शेजारच्या वाडीत एक जण पॉझिटिव्ह निघाला तेव्हा काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत आली, रस्त्यावर बांबू आडवे पडले, दारात प्रतिबंधित क्षेत्राचा बोर्ड लागला. दूधवाल्याने दूध बंद केलं. माणूस गेल्यावर घरच्यांना चेहराही दिसला नाही. हे एकदा पाहिलेला माणूस स्वतःहून तपासणीला येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. मग तो गोधडीखाली राहतो, साथ घरभर पसरते, आणि आपण म्हणतो लोक ऐकत नाहीत.

मला प्लेगचा इतिहास वाचायची आवड त्यानंतर लागली. सगळं इतकं ओळखीचं निघालं की वाचताना अंगावर काटा यायचा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. ओळखणारे डॉक्टर आपल्या गोव्याचे, अकासिओ व्हिएगस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महापालिका आयुक्त स्नो यांनी फर्मान काढलं: संशयित रुग्णाला, घरच्यांची इच्छा असो नसो, रुग्णालयात हलवायचं. परिणाम काय? त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. (हे रुग्णालय म्हणजेच आजचं कस्तुरबा. २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोरोना रुग्ण तिथेच दाखल झाले.) लोक मुंबई सोडून पळू लागले, काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. सफाई कामगारही निघून गेले तर शहर जगूच शकणार नाही, या भीतीने स्नो यांना फर्मान सौम्य करावं लागलं.

पुण्यात तर सगळ्यांना माहीत असलेला प्लेग अधिकारी रँड. पण आपल्याला शाळेत रँडची गोष्ट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यापासून सुरू होते. चाफेकर बंधू, गोळ्या, फाशी. त्याआधीचे तीन महिने कोणी नीट सांगत नाही. मार्चपासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरात शिरत होत्या. माजघर, देवघर, न्हाणीघर काही सुटत नव्हतं. सामान बाहेर काढून जाळत होते. बायकांची तपासणी परके पुरुष करत होते. लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवली, कोठीत लपवली, मेलेल्यांची खबर दडवली. म्हणजे प्लेग शोधायला केलेल्या झडत्यांनी प्लेग आणखी आत ढकलला.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती फार कमी बोलली जाते. विलगीकरणाला पुण्याचा सरसकट विरोध नव्हता. टिळक स्वतः आजाऱ्याला वेगळं ठेवण्याच्या बाजूने होते. बरेच पुढारी शहर सोडून गेले असताना ते पुण्यात राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय उभं करण्यात पुढे होते. भांडण होतं ते पद्धतीवर. त्याच मार्चच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या होत्या, त्यातच त्यांना लागण झाली. हडपसरजवळच्या त्या माळावर लोक रुग्ण घेऊन येत होते. सोल्जर न येता. दवाखाना तोच, रोग तोच, घरापासून दूर ठेवणंही तेच. फरक नेणाऱ्या हातांचा होता.

मुंबईत ९ मार्च १८९८ ला पुन्हा दंगल झाली. मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासायला पथक गेलं, त्यावरून पेटलं. त्यानंतर सरकारने हळूहळू शहाणपण घेतलं. वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालयं चालवू दिली, सक्ती कमी केली, शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीवर भर दिला. लस भायखळ्यात जानेवारी १८९७ मध्ये तयार झाली होती आणि हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. खोजांचे धर्मगुरू तरुण आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर लस घेतली, तेव्हा खोजा समाजातली भीती कमी झाली. गावाकडे तर लोक उंदीर पडायला लागले की आपणहून रानात झोपड्या बांधून राहायला जात. माझ्या आजीच्या तोंडी 'प्लेगाच्या झोपड्या' हा शब्द होता. कोणत्या कलेक्टरने सांगितलं म्हणून नाही, जीव वाचतो हे कळलं म्हणून.

आता यावर कोणी म्हणेल, म्हणजे सगळा दोष सरकारचा आणि लोक साधुसंत? अजिबात नाही. कोकणात २०२० च्या मे महिन्यापासून जे झालं त्याची मला आजही लाज वाटते. मुंबईतून चाकरमानी येऊ लागले. ज्यांच्या मनीऑर्डरींवर ही गावं दोन पिढ्या जगली, ते. वाडीच्या तोंडाशी आपल्याच माणसांनी दगड आणि काटेरी फांद्या टाकल्या. गणपतीला शासनाने सांगितलं, १२ ऑगस्टपर्यंत पोचा, दहा दिवस क्वारंटाईन राहा. तर काही ग्रामपंचायतींनी ठराव केले, आमच्याकडे चौदा दिवस. म्हणजे सरकारपेक्षा गाव कडक.

आमच्या शाळेच्या चौथीच्या वर्गात एक कुटुंब होतं, नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि तान्ही मुलगी. बाकं भिंतीला लावून खाली चटया टाकलेल्या. संडास एकच, तोही मुलांसाठी बांधलेला, ठेंगणा. पाणी बाहेरच्या टाकीचं. मुलाची आजी संध्याकाळी गडग्यापलीकडे येऊन उभी राहायची, भाकरीचं फडकं गडग्यावर ठेवायची आणि मागे सरायची. तिने जवळ यायचं नाही असा नियम कोणी लिहिलेला नव्हता, पण ती आली असती तर तिलाही वाडीने आत घेतलं नसतं. त्या कुटुंबाला किती दिवस राहायचं हे पहिल्या आठवड्यात तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं. पोलीस पाटील एक म्हणाले, ग्राम कृती दलाचा, म्हणजे गावच्या कोरोना समितीचा माणूस दुसरं, वरून आलेला कागद तिसरंच. तो बाप मला म्हणाला, "बाई, बसायला ना नाही. पण कधी सुटणार ते एकदा लिहून द्या."

सरकारने गावाच्या हातात अधिकार दिला आणि पाठ फिरवली. खर्चाला पैसे वेळेवर नाहीत, नियम काय याचा एक स्पष्ट कागद नाही, चुकलं तर दाद कुठे मागायची ते नाही. समाजाला बरोबर घेणं म्हणजे समाजाच्या अंगावर टाकणं नव्हे. घाबरलेला समाज आपल्यातल्या दुबळ्यावरच पहिली काठी उगारतो, हे मी माझ्या गावात पाहिलं.

विषमतेचं तर बोलायलाच नको. मार्च २०२० मध्ये हातावर शाईचे शिक्के मारले, तो शिक्का बघून रेल्वेतून माणसं उतरवली गेली. मग चार तासांच्या सूचनेवर सगळा देश बंद. १४ एप्रिलला वांद्र्याला हजारो मजूर जमले तेव्हा त्यांनाही 'बेशिस्त' म्हटलं गेलं. घरभाडं, रेशन, गावी जायची गाडी यातलं काहीच हातात नसलेला माणूस घरात कसा बसणार? ८ मे ला जालन्याच्या स्टील कारखान्यातले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे चालत निघाले होते. त्यांनी नियम मोडला म्हणणाऱ्याच्या तोंडाला लागायची माझी इच्छा नाही. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला बार उघडले आणि देवळं पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. देवळं बंद ठेवण्यात वैद्यकीय तर्क असेल, मीही तेव्हा बंदच्या बाजूने होते. पण तो तर्क कोणी समोर बसून समजावला नाही, आणि ज्याला दोन्हींतलं एकच हवं होतं त्याला तो अन्यायच वाटला.

धारावीचं उदाहरण म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, सार्वजनिक संडास. तिथे घरात बसा म्हणण्याला अर्थच नव्हता. महापालिकेच्या जी-उत्तर वॉर्डाने वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. ज्याच्याकडे लोक वर्षानुवर्षं खोकल्याचं औषध घेतात, तो डॉक्टर पीपीई घालून गल्लीत आला. शाळा, हॉल ताब्यात घेऊन क्वारंटाईन केंद्रं केली, तिथे जेवण दिलं, रमजानमध्ये रोजा सोडायची सोय केली. संडास दिवसातून अनेकदा निर्जंतुक केले. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. बंधनं तिथे कमी नव्हती, उलट जास्तच होती. पण भीती वाटायची त्या प्रत्येक जागी काहीतरी उत्तर ठेवलेलं होतं: जेवण, डॉक्टर, ओळखीचा चेहरा.

आता मूळ दुखणं. यातलं बरंचसं आपण ज्या कायद्याखाली केलं तो साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ चा आहे. म्हणजे रँडच्या सोल्जरांना दारात आणणारा तोच कायदा. मूळ कायद्यात जेमतेम चार कलमं. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालणार नाही. २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखायला. ती हवीच होती, आमच्या आशाताईंवरही लोक धावून आले आहेत. पण ज्याला कोंडायचं त्याच्याविषयी सरकारचं कर्तव्य काय, याबद्दल त्यात आजही अक्षर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८६ व्या अहवालात या कायद्याचा आढावा घेऊन तो अपुरा असल्याचं सांगितलं. केरळ, कर्नाटकाने आपले वेगळे कायदे केले. महाराष्ट्रात प्लेगचा एवढा इतिहास असताना आपण मात्र कोविडच्या वेळी काढलेल्या अधिसूचनांवर भागवलं.

माझं म्हणणं आहे की शांतता आहे तोवर हे कायद्यात लिहून घ्यावं. क्वारंटाईन केलेल्या प्रत्येकाला मराठीत लेखी कागद, त्यावर सुटण्याची तारीख. कोंडलेल्या घराला रेशन आणि औषध पोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे पदनामासह. रुग्णालयात नेलेल्या माणसाची खबर रोज घरच्यांना, आणि गेला तर अंतर ठेवून का होईना, घरच्यांना शेवटचं दर्शन. ग्राम कृती दलाला पैसे आणि त्याच्या अधिकाराची हद्द, दोन्ही. आणि नियम ठरवताना त्या भागातले डॉक्टर, आशा, वस्तीतल्या बायका टेबलाशी असाव्यात, निरोप द्यायला बोलावलेल्या नकोत.

येत्या अधिवेशनाआधी मी आमच्या आमदारांना हे पत्राने कळवणार आहे. मसुदा तयार आहे. तुमच्या मतदारसंघासाठी हवा असेल तर घ्या, माझं नाव काढून तुमचं घाला, आणि तुमच्या गावात जे पाहिलं ते त्यात भरा.