ऐंशी टक्के कशाचे?

मेकॅनिकलच्या पोराला चार वर्षं एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून शिकवली जाते : आकड्यापुढे एकक लिही. गणित अचूक सुटलं, पण शेवटी न्यूटन की किलोन्यूटन ते लिहिलं नाही, की मार्क गेलेच. मग पदवी हातात पडते, रेझ्युमे लिहायची वेळ येते आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या देखण्या साच्यात एक निळी पट्टी समोर येते. तिच्या डावीकडे ‘सॉलिडवर्क्स’ असं डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नाव लिहायचं आणि पट्टी किती भरायची ते आपलं आपण ठरवायचं. माझ्या मित्राने ऐंशी टक्के भरली.

“ऐंशी टक्के कशाचे?” मी विचारलं.

“शंभरचे,” तो म्हणाला आणि पुढच्या पट्टीकडे वळला.

कॉलेजातल्या साध्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१. या पट्टीचा लीस्ट काउंट मात्र कुठेच छापलेला नसतो. नव्वद भरावी, तर मुलाखतीत कुणीतरी नेमकं उरलेल्या दहांतलं विचारणार. साठ भरावी, तर आपणच आपल्याला काठावर पास केल्यासारखं दिसतं. म्हणून ज्याला त्याला ऐंशी. मित्राच्या साच्यात ‘टीमवर्क’ला पंचाण्णव होते. उरलेल्या पाच टक्क्यांत तो नक्की कोणाशी भांडतो, हे प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये असल्यामुळे मला ठाऊक होतं.

‘एफईए’लाही, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे कल्पून कम्प्युटरवर ताण काढण्यालाही, त्याने ऐंशीच दिले होते. या पठ्ठ्याने एका ब्रॅकेटचं ॲनालिसिस केलं होतं. आतला कोपरा काटकोनात, धारदार. ताण जास्त दिसला म्हणून त्याने मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, बारीक केली, तर ताण आणखी वाढला. आणखी बारीक केली, आणखी वाढला. असल्या कोपऱ्यात गणिताने ताण अनंताकडेच जातो; मेश कितीही बारीक करा, तो वाढतच राहणार. कोपऱ्याला फिलेट दिली, म्हणजे तो गोलसर केला, की प्रश्न मिटतो. पण सॉफ्टवेअर बिचारं ‘नाही’ कधी म्हणत नाही, लाल-पिवळं-हिरवं चित्र काढून देतं. तेच चित्र त्याने रेझ्युमेच्या कोपऱ्यात लावलं. तोही कोपरा काटकोनातच होता.

पट्ट्या भरून झाल्या की प्रोजेक्ट. इथे माझी गाठ पडली नोकरी लागलेल्या एका सीनिअरशी. नोकरी लागलेला सीनिअर हा प्राणी सल्ला द्यायला कधी थकत नाही. त्याचे नियम दोनच. एक, ‘केलं’ असं साधं क्रियापद लिहायचं नाही. विकसित केलं, ऑप्टिमाइझ केलं, नेतृत्व केलं असं लिहायचं. दोन, प्रत्येक ओळीत एक तरी टक्का हवाच.

आमचा प्रोजेक्ट होता स्टर्लिंग इंजिन, म्हणजे आत कोंडलेली हवा तापवून-थंड करून फिरणारं इंजिन. रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ साली त्याचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ पाद्री का होता, ते इंजिन बनवायला घेतल्यावर कळतं : श्रद्धेशिवाय ते फिरत नाही. आमचं मॉडेल म्हणजे एक पसरट डबा, आत वरखाली होणारी हलकी चकती, पिस्टन म्हणून काचेची सिरिंज आणि फ्लायव्हील म्हणून जुनी सीडी. खाली उकळतं पाणी, वर खोलीतली हवा. सादी कार्नोने १८२४ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेत आकडे टाकले, तर ३७३ आणि ३०० केल्व्हिनच्या मध्ये आदर्श इंजिनाची कार्यक्षमतासुद्धा वीस टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. ते आदर्श इंजिन. आमच्या डब्याला आधी घर्षणाचा हप्ता द्यायचा होता, मग गळतीचा, आणि उरलंच काही तर फिरायचं होतं.

त्यातला क्रँकचा शाफ्ट माझ्याकडे होता. सहा मिलिमीटरचा, फिट एच-सेव्हन जी-सिक्स. म्हणजे शाफ्ट ५.९८८ ते ५.९९६ मिलिमीटरच्या मध्ये यायला हवा. आठ मायक्रॉनची खिडकी. माणसाचा केससुद्धा तिच्या कितीतरी पट जाड असतो. आणि हे काम कुठे करायचं, तर कॉलेजच्या त्या लेथवर, जिच्या क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवलं की बराच वेळ काहीच हलत नाही. वर्कशॉपचे काका लांब स्टुलावर बसलेले. माझ्याकडे न बघता, नुसता आवाज ऐकून म्हणाले, “टूल सेंटरच्या खाली लागलंय.” बघितलं तर खरंच खाली. मग उठून आले, बॅकलॅश, म्हणजे हँडलमधली ती ढिलाई, कशी काढायची ते दाखवलं : मापाच्या पुढे गेलास तर तेवढंच मागे यायचं नाही, भरपूर मागे जायचं आणि पुन्हा एकाच दिशेने मापावर यायचं. निळी पडलेली चिप गुंडाळत गुंडाळत खाली पडली. काका म्हणाले, “आता शेवटचं टूलने घेऊ नकोस, एमरी पेपर लाव. आणि चक-की काढलीस का?” काढली होती. तरी हात आपोआप चककडे गेला. चक-की, म्हणजे काम धरणारा चक आवळायची किल्ली, तशीच ठेवून मशीन चालू केलं, तर ती कुणाच्या दिशेने सुटेल ते सांगता येत नाही, हे काकांनी पहिल्या दिवशी ज्या सुरात सांगितलं होतं तो सूर जन्मभर कानात राहणार.

काकांचं हे ऐकणं कोणत्या पट्टीत बसतं, मला माहीत नाही. सीनिअरने तो सगळा परिच्छेद खोडून लिहिलं : ‘प्रिसिजन मॅन्युफॅक्चरिंगचा अनुभव.’

बरं, इंजिन जोडून झालं तरी फिरेना. सिरिंजमध्ये तेल घातलं होतं, म्हणजे घर्षण कमी होईल. पण एवढ्याशा ताकदीच्या इंजिनाला तेलाचा चिकटपणाच भारी पडत होता. तेल स्वच्छ पुसून काढलं, पेन्सिलीचं शिसं किसून ती पूड पिस्टनला चोळली, आणि सीडीला बोटाने टिचकी मारली. फिरली! टिचकी लागतेच, हे इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. बाहेरचे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, आले तेव्हा टिचकी कोणी मारायची यावरून आमच्यात जुंपली होती. टीमवर्कचे ते पाच टक्के.

सीनिअर म्हणाला, “सोन्यासारखा मुद्दा आहे. लिही, ड्राय ल्युब्रिकेशन वापरून कार्यक्षमता अमुक टक्क्यांनी वाढवली.”

“आधी शून्य होती. शून्यावरची वाढ टक्क्यांत निघत नाही.”

“मग शंभर लिही.”

हा माणूस आज म्हणे कुठल्याशा प्लांटचे मासिक अहवाल तयार करतो. मला त्या प्लांटची काळजी वाटते.

शेवटी उरलं करिअर ऑब्जेक्टिव्ह. ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा संस्थेच्या प्रगतीसाठी वापर करणे’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याला रॉयल्टी मिळायला हवी होती. मला खरं तर एवढंच हवंय की माझ्या ड्रॉइंगवरून बनलेली एखादी वस्तू कुठेतरी फिरत असावी आणि तिचा खडखडाट होऊ नये. घरी हे सांगितलं तर आत्या म्हणाली, “ते ठीक आहे रे, पण कम्प्युटरचं काहीतरी करून ठेव.” सीनिअर म्हणाला, “यात संस्थेची प्रगती कुठेय?” मी ते आव्हानात्मक वातावरणच ठेवलं. नंतर कळलं की बऱ्याच ठिकाणी रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याला चित्रं, पट्ट्या वगैरे धड वाचता येत नाहीत. म्हणजे मित्राचे ते ऐंशी टक्के बहुधा कोणी वाचलेच नाहीत.

मला मात्र एका ठिकाणचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे एचआरच्या एक मॅडम आणि टेक्निकलचे एक पिकल्या केसांचे सर. मॅडमनी पहिलाच चेंडू टाकला : “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?”

अहो, असं तर कोणी बेअरिंगलाही विचारत नाही. बेअरिंग बनवणारे अमुक एक नग किती टिकेल ते सांगतच नाहीत; शंभरातले नव्वद इतक्या फेऱ्या काढतील, एवढंच सांगतात. त्यातही बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला, की आयुष्य एक अष्टमांशावर येतं. म्हणजे पाच वर्षांनी मी कुठे असेन हे तुम्ही माझ्यावर किती भार टाकणार यावर आहे. हे सगळं मनात. तोंडाने मी ‘टीम लीड’ म्हणालो.

सर इतका वेळ कागद चाळत होते. त्यांनी मान वर केली. “हे इंजिन सेल्फ-स्टार्ट होतं का?”

“नाही सर. टिचकी लागते.”

“का?”

संपलं. पुढे काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही. मी त्यांच्याच कागदावर आकृती काढली. त्यांनी पेन हिसकावून घेतलं आणि माझ्या सिरिंजची नळी किती लांब होती ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “एवढी? अरे, मग सगळी ताकद डेड व्हॉल्यूमने खाल्ली!” पिस्टन जिथे पोचतच नाही ती ही जागा, तिथली हवा दाबली जाते, पसरते, सगळ्या गडबडीत हजर असते आणि काम काडीचं करत नाही. मी म्हटलं, नळी आखूड केली तर सिरिंज तापते. ते म्हणाले, तापू दे. मी म्हटलं, तापली की पिस्टन अडकतो. पेन्सिलीच्या शिश्याचं ऐकून ते चक्क हसले आणि म्हणाले, “मग हे रेझ्युमेत का नाही लिहिलंत?”

तेवढ्यात मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, घसा खाकरला आणि यादीतला पुढचा प्रश्न वाचला. “तुमचा सर्वांत मोठा वीकनेस कोणता?”

“डेड व्हॉल्यूम,” मी म्हणालो.

सरांनी मान डोलावली. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं.