गार पडलेलं बाळ: कारण की लक्षण?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: नवजात अतिदक्षता विभागातल्या मृत्यूंच्या जोखमीत 'दाखल होतानाचं तापमान' हे वजन आणि गर्भावधीच्या पंगतीला बसवणं चूक. बाळ इवलंसं असतं म्हणून गार पडतं आणि इवलंसं असतं म्हणूनच दगावतं. शिवाय व्हेंटिलेटर अपुरे असताना दुपट्यांची चर्चा करणं म्हणजे दोष नर्सच्या माथी मारणं.

पहिला मुद्दा वजनदार आहे. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना जन्मतःच मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं, तर ती उबदार राहतात. पण त्यामुळे मृत्यू घटतात असं चाचण्यांतून ठामपणे दिसलेलं नाही. तुमच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा नाही.

तरीही गारठा नुसतं लक्षण नव्हे. नवजात बाळ मोठ्यांसारखं कुडकुडत नाही. तपकिरी चरबी जाळून ऊब तयार करतं. त्याला ऑक्सिजन लागतो, साखर लागते, आणि कमी दिवसांच्या बाळाकडे चरबी व साखर दोन्ही तुटपुंजी. मग रक्तातलं ग्लुकोज ४५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जाऊ शकतं, रक्तातलं आम्ल वाढतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. धाप लागलेलं बाळ याच वाटेने व्हेंटिलेटरवर जाऊ शकतं. तेव्हा दुपटं आणि व्हेंटिलेटर हे वेगळे विषय नाहीतच.

दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने छातीशी धरलं. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ ऐवजी १२ टक्के झाले. अर्थात यात आईचं दूध होतं, आईचा चोवीस तास सहवास होता. सगळं श्रेय उबेला देता येणार नाही.

नर्सबद्दल: चुका ठरलेल्या आहेत. प्रसूतिकक्षात पंखा चालू, खोली २५ अंशांच्या खाली. पुसलेल्या ओल्या कापडातच बाळ गुंडाळलेलं. वॉर्मर (बाळाला वरून ऊब देणारं यंत्र) बाळ आल्यावर सुरू केलेला. तापमान मोजणारा त्वचेवरचा प्रोब सुटला तर आणखी वाईट: वॉर्मरला बाळ गार वाटतं आणि तो तापवतच राहतो. एका नर्सकडे अनेक बाळं असली की सुटलेला प्रोब कोणाच्या लक्षात येणार? हा मनुष्यबळाचाच प्रश्न आहे, तिथे आपलं एकमत. बाहेरून येणाऱ्या बाळांचं तर बरंच नुकसान रस्त्यातच होतं. त्यांना टोपडं, मोजे, लंगोट घालून आईच्या किंवा नातेवाइकाच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून आणावं. गरम पाण्याची बाटली लावू नये, भाजतं. पोट कोमट पण तळवे गार लागले तर ऊब कमी पडू लागली आहे, तिथेच काखेतलं तापमान घ्यावं.

तुमचा आक्षेप पडताळता येईल. तुमच्याच विभागाची नोंदवही घ्या. १०००–१४९९ आणि १५००–१९९९ ग्रॅम असे गट पाडा, तिथेच जन्मलेली आणि बाहेरून आलेली बाळं वेगळी ठेवा, आणि प्रत्येक गटात ३६ अंशांच्या खाली आलेल्यांचे मृत्यू बाकीच्यांशी ताडून पाहा. वजनाचाच सगळा खेळ असेल, तर एकाच गटात हा फरक जवळजवळ पुसला जायला हवा.