एक गाडी, दोन मीटिंगा आणि आइसलँड

‘काम करत करत आइसलँड बघू’ हे वाक्य नवरा-बायकोपैकी जो पहिल्यांदा उच्चारेल, त्याने पुढे तंबूच्या सगळ्या खुंट्या एकट्याने ठोकाव्यात, असा नियम करायला हरकत नाही. रजा वाचते, बेट बघून होतं, वर ‘तिथून काम करतोय’ असं सहकाऱ्यांना सहज सांगता येतं. कागदावर बेत बिनतोड आहे. (हातातल्या व्हिसावर काम करायची मुभा आहे का, हे मात्र तिकीट काढायच्या आधी विचारावं. तंबू नंतर.)

रस्त्याचं काही अवघड नाही. बेटाला वळसा घालणारा क्रमांक १ चा रस्ता, म्हणजे रिंगरोड, लांबी १,३२२ किलोमीटर. दक्षिणेला स्केइदारा नदीवर १९७४ साली पूल झाला आणि वर्तुळ पुरं झालं. समुद्र एका हाताला, डोंगर दुसऱ्या हाताला ठेवून चालत राहिलं की माणूस निघाला तिथेच परत येतो. चुकायला वाव नाही, त्यामुळे नकाशावरून भांडायचीही सोय नाही. ती कसर बाकीच्या गोष्टी भरून काढतात.

पहिली गोष्ट घड्याळ. आइसलँडचं घड्याळ वर्षभर ग्रिनिचप्रमाणे चालतं, उन्हाळ्यातही पुढे सरकत नाही. भारतात सकाळचे दहा म्हणजे तिथे पहाटेचे साडेचार. ऐकणारा हळहळतो, पण हिशेब पुढे मांडा: भारतातलं ऑफिस संध्याकाळी सहाला सुटतं तेव्हा तिथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, आणि जूनमध्ये उजेड मध्यरात्रीपर्यंत असतो. म्हणजे ऑफिस उरकून अख्खा दिवस हातात. हा फायदा आम्ही ज्याला त्याला सांगतो. पहाटे साडेचारला मात्र तो एकमेकांना सांगत नाही.

कारण त्या वेळी आख्खा कॅम्प झोपलेला असतो. रात्री अकरा-बारापासून सकाळी सात-आठपर्यंत गप्प राहायचं, हा तिथल्या बहुतेक कॅम्पसाइटचा नियम. तंबूच्या कापडातून घोरणं आरपार जातं, तिथे ‘माझा आवाज येतोय ना?’ का जाणार नाही? शिवाय तंबूत कॅमेरा लावला की तोंडाला तंबूचा रंग चढतो. पिवळ्या तंबूतून बोलणारा माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो, आणि मॅनेजर मायेने ‘बरं वाटत नसेल तर रजा घे’ म्हणतात. जी वाचवायला हा सगळा खटाटोप, तीच.

मग उरते गाडी. गाडीतली कामाची जागा एकच: चालकाच्या शेजारची सीट, मागे सरकवून. चालकाच्या जागेवर स्टिअरिंग पोटात टोचतं आणि लॅपटॉप अर्धा उघडतो. मागच्या सीटवर पुढची सीट पूर्ण पुढे ढकलून एक माणूस बसू शकतो, पण दोघं एकाच गाडीत, दोघंही बोलणार, म्हणजे एकाच्या तिमाही आकड्यांवर दुसऱ्याच्या वाक्यातलं ‘हे चालणार नाही’ येऊन बसतं. हेडफोन आवाज आत येऊ देत नाहीत; बाहेर जाणाऱ्याचं काय? म्हणून कॅम्पसाइट निवडताना लोक बाथरूम बघतात, आम्ही स्वयंपाकाची खोली बघतो. ती असेल, रात्री कुलूप लावत नसतील आणि भिंतीत सॉकेट असेल, तर पहाटे साडेचारला त्याहून चांगलं ऑफिस नाही. आठपर्यंत. आठला पातेली घेऊन मंडळी येतात, भारतात तेव्हा दुपारचे दीड वाजलेले असतात, आणि नेमका क्लायंट बोलत असताना मागे कुणीतरी अंडी फोडतं.

आता वीज. या विषयावर संसार तुटू शकतो, म्हणून सविस्तर. साधा लॅपटॉप ताशी १५ वॉट-अवर खातो असं धरा, व्हिडिओ चालू असला तर जास्त. आठ तासांचे १२०. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी ६० च्या आसपास. उरलेले ६० पॉवर बँकेतून. विमानात परवानगीशिवाय नेता येणारी पॉवर बँक १०० वॉट-अवरपर्यंत, म्हणजे २७,००० एमएएच, तीही हातातल्या सामानात. त्यातले ८०-८५ प्रत्यक्ष मिळतात, बाकीचे उष्णतेत जातात. तेव्हा माणशी एक पॉवर बँक घ्यावी, आणि दोन्हींवर नावं लिहावीत. ‘आपली’ पॉवर बँक असा प्रकार नसतो. असतो तो चार्ज न केलेली कुणाची, हा प्रश्न.

हे सगळं परत भरायचं कुठे? शांततेच्या वेळात इंजिन चालू करणं शोभत नाही, आणि इंजिन बंद ठेवून गाडीच्या बॅटरीवर लॅपटॉप लावला तर दुपारी गाडीच सुरू होत नाही. म्हणजे भरायचं गाडी चालवताना. बारा व्होल्टच्या सॉकेटला इन्व्हर्टर लावू नये. बाराचे दोनशेतीस आणि परत वीस करण्यात वीज वाया जाते. सरळ टाइप-सीचा कार चार्जर घ्यावा, आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. डब्यावर मोठं ‘१०० वॉट’ असतं. दोन्ही तारा जोडल्या की बऱ्याच चार्जरचे ६५ आणि ३० होतात. दोन लॅपटॉप, दोन पॉवर बँका मिळून तीनशेवर वॉट-अवर भरायचे, म्हणजे साडेतीन तास गाडी चालायला हवी. आणि ६५ ची तार कुणाला, हे त्या दिवशी कुणाची नोकरी जास्त धोक्यात आहे त्यावर ठरतं. थोडक्यात, बेट कसं फिरायचं हे धबधबे ठरवत नाहीत, चार्जर ठरवतो. एखाद्या जागी मुक्काम वाढवायचा तर कॅम्पवरची वीज विकत घ्यायची, पण तिथलं सॉकेट कॅम्परव्हॅनसाठीचं, निळं, जाड तीन पिनांचं असतं. घरचा प्लग त्यात जात नाही, अडॅप्टर हवा.

रेंजचं थोडक्यात. रिंगरोडवर मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी चांगली, पण खाडीच्या टोकाला डोंगर आडवा आला की गायब. तंबू लावायच्या आधी अपलोडचा वेग तपासावा. डाउनलोड बघून खूश होणारे मीटिंगमध्ये गोठलेले दिसतात. व्हिडिओ मीटिंग तासाला एक जीबीच्या आसपास खाते, नुसता आवाज त्याच्या दशांशही नाही. कॅमेरा बंद ठेवायला याहून सज्जन कारण मिळणार नाही.

वारा हा तिसरा सहकारी. तो म्यूट होत नाही. आइसलँडचं हवामान खातं वारा मीटर प्रति सेकंदात देतं. पंधरा आकडा बघून ‘झुळूक आहे’ म्हणू नये, ३.६ ने गुणावं. ताशी ५४ किलोमीटर. गाडी उभी करताना नाक वाऱ्याकडे, म्हणजे दार उघडताना वारा ते मिटायच्या बाजूला ढकलतो, उपटत नाही. दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, एका वेळी एकच. समोरासमोरची दोन दारं उघडली तर कागद, टोपी आणि कधी नवऱ्याचं मत, सगळं एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने जातं. वाऱ्याने उलटं फिरलेलं दार भाड्याच्या गाडीच्या विम्यात बहुतेकदा बसत नाही.

आणि ‘तंबू नको, गाडीतच झोपू कुठेतरी समुद्राकाठी’ हे बंद करा. गाडीत असो वा कॅम्परमध्ये, कॅम्पसाइटबाहेर रात्र काढायला जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. रस्ता सोडून गाडी घालणं तर सरळ गुन्हा. तिथलं शेवाळ पुन्हा उगवायला दशकं घेतं.

तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे करायची. सोबत मिळालेल्या तारेच्या खुंट्या घरीच ठेवाव्यात. माती पातळ, खाली लाव्हा, खुंटी चार बोटं जाते आणि वाकते. वाय आकाराच्या जाड खुंट्या घ्याव्यात, वाऱ्याकडून ठोकायला सुरुवात करावी, दोरी जमिनीशी ४५ अंशात. खुंटी जाईना तर दोरी दगडाला बांधून त्यावर दुसरा दगड. गॅसचं सिलिंडर विमानात नेता येत नाही, पण कॅम्पच्या स्वयंपाकघरात बऱ्याचदा एक फळी असते, जाणारे लोक उरलेली सिलिंडरं तिथे ठेवतात. किती उरलंय हे पाण्यात तरंगवून कळतं: जितकं वर, तितकं रिकामं. तिथली बहुतेक खूप वर असतात.

रस्त्यावर डांबरावर ९०, खडीवर ८०. एकपदरी पुलावर जो जवळ तो आधी. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की गाडी हळू करावी; कोकरू आईकडे धावणार, तुमची क्लायंट कॉलची वेळ त्याला माहीत नसते. ओसाड भागातल्या पेट्रोल पंपावर माणूस नसतो, कार्ड लागतं आणि त्याचा पिन पाठ लागतो.

मग रात्र, जी होत नाही. साडेचारला उठायचं म्हणजे साडेआठला झोपायचं, आणि साडेआठला बाहेर लख्ख ऊन. डोळ्यांवर पट्ट्या हव्यात, दोघांना दोन. झोपण्याआधी दोऱ्या परत ताणाव्या लागतात, कारण नायलॉन भिजलं की सैल पडतं आणि कापड रात्रभर कानाशी फडफडतं. पावसात बाहेर कोण जाणार, याचा आमचा नियम साधा आहे: ज्याची पहिली मीटिंग उशिरा, तो. तेव्हापासून आमच्या दोघांच्याही कॅलेंडरवर रोज साडेचारला काहीतरी अतिशय महत्त्वाचं असतं.