हप्ता शनिवारच्या भरवशावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

डोंबिवलीकर, नमस्कार.

तुम्ही नावाऐवजी गाव लिहिलंय, म्हणून मीही तीच हाक मारतो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. कर्ज काढून वीकेंडला भाड्याने देण्यासाठी पहिला बंगला घेण्याबद्दल मी लिहिलं होतं की हप्ता पगारातून झेपत असेल तरच या भानगडीत पडा. त्यावर तुमचं म्हणणं असं: मी बँकेतला माणूस, त्यामुळे घाबरवणं हाच माझा धंदा. तुमच्या मित्राचा कर्जतचा बंगला शनिवारी १८,००० रुपयांना जातो आणि हप्ता आपोआप सुटतो. कर्ज ‘स्वतःच्या वापरासाठी’ म्हणूनच काढायचं, सगळे तसंच करतात, बँकेला हप्त्याशी मतलब. आणि शेवटचा टोला: अशा सल्ल्यांमुळेच मराठी माणूस नोकरीत राहिला आणि लोणावळ्याचे बंगले दुसऱ्यांचे झाले.

शनिवारपासून सुरू करू, कारण सगळा हिशेब तिथेच अडकतो. १८,००० चा आकडा मला खोटा वाटत नाही. पण मुंबईच्या आसपासच्या या धंद्यात विकायला माल असतो तो एकच, शनिवारची रात्र. वर्षात त्या ५२. परीक्षांचे आठवडे आले की कुटुंबं हलत नाहीत. पितृपक्षात बरेच जण टाळतात. कर्जतला पावसाळा म्हणजे सुगी, आणि गटारीच्या आधीचा शनिवार तर सोन्याचा. अलिबागला नेमकं उलटं: पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद असतात, रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, चालते पण हवामान पाहून. लोणावळ्याचं म्हणाल तर जून २०२४ च्या अखेरीस भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध आणले. असा आदेश ऐन हंगामात येतो, तेव्हा पाहुणा बुकिंग रद्द करतो. बँक मात्र हप्ता रद्द करत नाही.

आता तुमचाच बंगला धरू. तुम्ही किंमत ८० लाख सांगितलीत आणि कर्ज ६० लाख. नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे कागदावर ६० लाख बसतात. पण किंमत बँकेच्या मूल्यांकनकाराची, बिल्डरच्या ब्रोशरमधली नव्हे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या हिशेबात धरत नाहीत, ते तुमच्या खिशातून. पलंग, एसी, इन्व्हर्टर, पूलचा फिल्टर, बोअरवेलची मोटर हेही तुमच्याच खिशातून. इथे लोक पर्सनल लोन घेतात, आणि दुसरा हप्ता पहिल्याच्या मांडीवर येऊन बसतो.

९ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर ६० लाखांचा हप्ता महिना ५४,००० च्या आसपास येतो. पण तुम्ही वय ४६ लिहिलंय. पगारदाराला बऱ्याच बँका निवृत्तीच्या वयापर्यंतच मुदत देतात. मग हातात वर्षं उरतात १४, आणि तोच हप्ता ६३,००० च्या जवळ जातो. डोंबिवलीच्या फ्लॅटचा २२,००० चा हप्ता चालू आहेच. दोन्ही मिळून ८५,०००. सगळे हप्ते हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यात बसतात का, हे बँक ढोबळमानाने पाहते. बंगल्याचं उद्या येणारं भाडं ती उत्पन्नात सहसा धरत नाही. तिला तुम्ही घाबरट म्हणाल, पण तो बंगला अजून एक रात्रही गेलेला नसतो.

जमेची बाजू उदारपणे मांडतो. ४० शनिवार १८,००० नी: ७ लाख २० हजार. शुक्रवार आणि जोडसुट्ट्यांच्या २५ रात्री १२,००० नी: ३ लाख. एकूण १० लाख २० हजार. त्यातून प्लॅटफॉर्म (बुकिंगची वेबसाइट किंवा ॲप) किंवा एजंटचं कमिशन १५ टक्के धरा, केअरटेकरचा पगार महिना १५,००० धरा, आणि वीज, पूल, चादरी, गळती, प्लॉटचा मेंटेनन्स यांना वर्षाला २ लाख ४० हजार. खाली उरतात साधारण साडेचार लाख. हप्ता साडेसात लाखांचा. दर महिन्याला २५-२६ हजार पगारातून घालावे लागतील, आणि हे चांगल्या वर्षात. तुमच्या मित्राचा हप्ता ‘सुटतो’ असं तुम्ही म्हणता. त्याचं कर्ज किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर गणित अगदीच वेगळं होतं.

जीएसटीबद्दल तुम्ही ‘२० लाखांच्या आत काही लागत नाही’ असं लिहिलंय. नोंदणीपुरतं ते बरोबर आहे. पण प्लॅटफॉर्मवरून आलेल्या बुकिंगवर, मालकाला नोंदणी लागू नसली तरी, कर प्लॅटफॉर्म भरतो आणि तो पाहुण्याच्या बिलात दिसतो. एका युनिटचं दिवसाचं भाडं ७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के. पूर्ण बंगला एकच युनिट म्हणून लावलात तर तुमचे १८,००० पाहुण्याला २१,२४० पडतात. आयकराचं थोडक्यात: नव्या करप्रणालीत असाल तर घरभाड्यातला तोटा पगारातून वजा होत नाही, तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ हे वाक्य हिशेबातून काढून टाका.

‘स्वतःच्या वापरासाठी’ या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबतो, कारण त्याला खाली बऱ्याच वाचकांनी अंगठे दिलेत. हप्ते वेळेवर जातात तोवर बँक बंगल्यात कोण झोपतं हे पाहायला येत नाही, खरंय. फाइल उघडते ती काही घडल्यावर. पूलमध्ये पाहुण्याचं पोर बुडालं, किंवा शॉर्टसर्किटने वरचा मजला जळला, की विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी तुमची ऑनलाइन जाहिरात शोधतो. विम्याच्या प्रस्तावात लिहिलंय राहतं घर, जाहिरातीत लिहिलंय १६ पाहुणे, डीजेला परवानगी. दावा तिथेच लटकतो. कर्जाच्या मंजुरीपत्रात वापराची अट असेल तर बँकही दर बदलण्याची किंवा रक्कम परत मागण्याची भाषा सुरू करते. त्यापेक्षा आधीच खरं सांगा. दर थोडा चढा लागेल, नाहीतर राहत्या फ्लॅटवर तारण कर्ज घ्या, ज्यात पैसा धंद्याला वापरता येतो. मात्र तिथे पणाला डोंबिवलीचं घर लागतं, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

आता मराठी माणसाचा टोला. नागाव, आक्षी, रेवदंडा, दिवेआगर, गुहागर इथे जाऊन पाहा. वाडीतल्या घराला आधी दोन खोल्या आणि संडास-बाथरूम जोडले, मग त्या चालल्या की आणखी दोन. सकाळी पोहे, दुपारी मासळीचं ताट, रात्री सोलकढी. ही सगळी मराठी माणसंच आहेत आणि धंदाच करताहेत, बऱ्याच जागी घरची बाई तो चालवते. खोली रिकामी गेली तरी त्यांना कुणाचा फोन येत नाही, कारण जमीन आपली, कष्ट आपले, कर्ज असलंच तर एका हंगामात आटोक्यात येणारं. राज्याची न्याहारी-निवास योजना अशाच घरांसाठी आहे, जिथे मालक स्वतः राहतो. तुमचा बंगला केअरटेकरच्या जिवावर चालणार, तेव्हा त्या यादीत तो बसेल असं गृहीत धरू नका.

धंदा करूच नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तुम्हाला खरंच हात घालायचा असेल तर आधी कर्जतमध्येच कुणाचा तरी बंद पडलेला बंगला वर्षाच्या कराराने चालवायला घ्या. मालक वयस्क असतात, मुलं परदेशात, बंगल्याला कोळिष्टकं लागलेली. असे बंगले मिळतात. भाडं आणि अनामत मिळून जे जाईल ते तुमच्या नुसत्या मुद्रांक शुल्काच्या आसपास असेल. शनिवारी रात्री दीड वाजता शेजाऱ्याची तक्रार आल्यावर कर्जतला फोन कोण उचलणार, केअरटेकर गावच्या लग्नाला गेला तर चादरी कोण बदलणार, हे त्या वर्षात कळेल.

तुम्ही दसऱ्याला एक लाखाचं टोकन देणार आहात. त्याआधी बिल्डरकडून एनए (बिगरशेती) आदेश आणि सातबारा घ्या आणि स्वतःच्या वकिलाला दाखवा, बिल्डरच्या नव्हे. जमीन अजून शेतीची निघाली आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर खरेदीचाच प्रश्न येतो, कर्ज दूर राहिलं. आणि मित्राकडे जून ते मे असा वर्षभराचा बँक खात्याचा उतारा मागा. त्याने दिला तर, त्याची हरकत नसेल तर, महिनावार जमा मला इथेच लिहून पाठवा. माझे ४० शनिवार कमी धरले आहेत की जास्त, ते त्यावरून ठरवू.