कांदा, क्रॅनबेरी आणि मामांचा मेसेज

कांद्याचा भाव पडला की आमच्या निफाडकडच्या घरच्या ग्रुपवर मामांचा मेसेज ठरलेला: ‘आपल्यात एकी नाही. परदेशात बघा.’ परवा तो आला तेव्हा मी इथे मॅसॅच्युसेट्समध्ये क्रॅनबेरीचं लोणचं घालत होते. करवंदाची तहान या आंबट फळावर भागते.

बघते आहेच, मामा. १९३० साली तीन बागायतदारांनी मिळून ‘ओशन स्प्रे’ ही सहकारी संस्था काढली. आज तिची मालक सुमारे ७०० शेतकरी कुटुंबं आहेत. ऑक्टोबरात बागेत पाणी सोडतात, यंत्राने वेली झोडपतात. फळात हवेचे चार कप्पे असतात, म्हणून ते तरंगतं. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून माणसं तो लाल तवंग पंपाकडे ढकलत नेतात, आणि तिथून माल बहुतेक कारखान्यात. ताजं विकलं जातं ते जेमतेम पाच टक्के.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. नुसतं तोंडात टाकलं तर दात आंबणारं हे फळ एकटा शेतकरी विकणार कुणाला? १९५९ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तोंडावर क्रॅनबेरीत तणनाशक सापडल्याची बातमी फुटली आणि सणाचा खप बसला. मग संस्थेने रसावर जोर दिला, पुढे सुकवलेल्या क्रॅनबेरीवर.

एकीचंच म्हणाल, तर १९५० साली प्रवरेला विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केलाच ना? ऊसही गाळल्याशिवाय खपत नाही. कांदा मात्र जो तो आपापला ट्रॅक्टर भरून लासलगावला नेतो.

इथेही स्वर्ग नाही. नव्वदीच्या अखेरीस माल उदंड झाला, भाव कोसळला. २००० आणि २००१ मध्ये बागायतदारांच्या समितीच्या शिफारशीवरून सरकारने विक्रीवर मर्यादा घातली. म्हणजे भाव पडल्यावर सरकार आलं. आपल्याकडे ते भाव चढला की येतं: डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, उठली मे २०२४ मध्ये. क्रॅनबेरी महागली म्हणून कुणाचं सरकार पडत नाही, हा फरक मामांच्या मेसेजमध्ये कधीच नसतो.

हे सगळं लिहिलं. मामांचं उत्तर आलं, ‘मग आम्ही काय कांदा सुकवायचा? कोण खातं?’

मी कपाटातल्या सूपच्या पाकिटाचा फोटो काढून पाठवला. घटकांत तिसरं नाव: सुकवलेला कांदा.